सात गुरुवार, एक विषय : वसईतला प्रौढांचा धर्मशिक्षण वर्ग

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, झाली की मी पाचवीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. नऊ वर्षं झाली. बाकीचे सहा दिवस पतसंस्थेत हिशेब. मागच्या खेपेच्या आगमन काळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मुलं गोठ्याचं चित्र रंगवत बसली होती. त्यातल्या एकाने मान वर न करताच विचारलं, "टीचर, येशू बाळ होता तेव्हा जग कोण चालवत होतं?"

"पिता," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि गाढवाचे कान रंगवायला लागला. त्याचं समाधान झालं, माझं काही होईना. माझ्या उत्तराचा अर्थ असा निघत होता की पुत्राने तेहतीस वर्षं देवपण बाजूला काढून ठेवलं आणि परत गेल्यावर उचललं. दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वास जाहीर करणाऱ्या प्रार्थनेत, आपण जे म्हणतो ते तर असं नाही. मग कसं? तोंडपाठ वाक्य माझ्याकडे होतं, 'खरा देव आणि खरा मनुष्य', पण त्या दोन 'खऱ्यां'मधला 'आणि' मला कोणाला समजावून सांगता येत नव्हता. पतसंस्थेत टेबलासमोरचे आमचे सहकारी, वारकरी घरातले, नेहमी प्रेमाने विचारतात, "ताई, तुमचा येशू म्हणजे अवतारच ना?" त्यांनाही मी "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळी होत असे. विश्वास होता, पण शब्द नव्हते. मुलांना शिकवणाऱ्या बाईला हे चालत नाही.

म्हणून २०२५ च्या जूनमध्ये चर्चबाहेरच्या फलकावर प्रौढांच्या वर्गाची सूचना दिसली तेव्हा मी त्याच संध्याकाळी नाव दिलं. नायसियाच्या धर्मपरिषदेला, म्हणजे बिशपांच्या पहिल्या मोठ्या सभेला, २०२५ मध्ये १७०० वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्ताने शेजारच्या एका धर्मग्रामाने (पॅरिशने) हा वर्ग ठेवला होता. सात गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेआठ, विषय एकच: ख्रिस्त कोण आहे. वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त मराठी शिक्षिका. नोकरी संपल्यावर त्यांनी धर्मविद्येचा रीतसर अभ्यास केला. त्यांनी मला बजावलंय की माझं नाव लिहू नकोस, धर्मग्रामाचंही नको, कारण गर्दी विषयासाठी व्हावी. तेव्हा गिरीज-भुईगावच्या बाजूला, एवढंच सांगते. आपल्या वसईच्या लोकांना विचारत विचारत पोचायला तेवढं पुरे.

आधी व्यवहाराचं. फी दोनशे रुपये, त्यात टिपणांच्या झेरॉक्स आणि मधल्या वेळचा चहा. हॉल पत्र्याचा. जून-जुलैमधला आपल्याकडचा पाऊस आणि पत्र्याचं छप्पर म्हणजे काय ते सांगायला नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या गुरुवारी मागच्या चार रांगांना काहीही ऐकू आलं नाही. माईक होता, पण तो पाऊस वाढला की खरखरायचा. शेवटी बाईंनी खुर्च्या अर्धगोलात ओढून घेतल्या आणि मधे उभं राहून शिकवलं, तेव्हा कुठे जमलं. आम्ही पंचेचाळीस जण होतो. शेतीवाले, नोकरीवाले, पाचूबंदरच्या दोन कोळणी, लग्न ठरलेलं एक जोडपं, एक ऐंशीच्या पुढच्या आजी आणि त्यांना घेऊन येणारा नातू.

पहिल्या गुरुवारी ना बायबल उघडलं, ना परिषदेचं नाव निघालं. बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला, 'स्वभाव'. विचारलं, हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरला? कोणी म्हणालं मुलीसाठी स्थळ बघताना, "मुलगा स्वभावाने चांगला आहे." आजी म्हणाल्या, स्वभावाला औषध नाही. मग बाईंनी खाली 'प्रकृती' लिहिलं. तो शब्द आपण तब्येतीसाठी वापरतो. त्याखाली 'स्वरूप', आणि त्यात रूप येतं, दिसणं येतं. "आता बघा," बाई म्हणाल्या, "ख्रिस्ताचे दोन स्वभाव आहेत असं ख्रिस्तसभा म्हणते. तुमच्या मनात काय येतं? कधी शांत, कधी रागीट असा माणूस. दोन प्रकृती म्हटलं तर एक धडधाकट, एक आजारी. दोन स्वरूपं म्हटलं तर वेष बदलणारा कोणीतरी. तिन्ही अर्थ चुकीचे. शब्द आपलेच, पण आपण त्यांना रोज दुसऱ्या कामाला जुंपतो, म्हणून इथे ते पाय घसरवतात."

आणि मग त्यांनी दोन प्रश्न लिहिले: 'कोण?' आणि 'काय?'

दारावर थाप पडली की आपण विचारतो, कोण आहे? उत्तर येतं एका माणसाचं नाव. अंधारात काही हललं तर विचारतो, काय आहे ते? उत्तर येतं मांजर, फांदी, माणूस. 'कोण'चं उत्तर म्हणजे व्यक्ती. 'काय'चं उत्तर म्हणजे स्वभाव, या विषयातला स्वभाव. आपल्या प्रत्येकाच्या बाबतीत एका 'कोण'ला एकच 'काय' असतं. देवाबद्दल विचारलं, काय? तर एकच उत्तर, देव. कोण? तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. एक स्वभाव, तीन व्यक्ती. येशूबद्दल विचारलं, कोण? एकच उत्तर, पुत्र, त्रैक्यातली दुसरी व्यक्ती, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीतला 'शब्द'. काय? इथे उत्तरं दोन. देव आहे. माणूस आहे.

मी वहीत दोन रकाने आखले आणि हे उतरवून घेतलं. ते पान फाडून आता मी माझ्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात ठेवलंय. पुढच्या सहा आठवड्यांत जे जे आलं ते या दोन रकान्यांत बसत गेलं. या वर्गाबद्दल एकच चांगली गोष्ट सांगायची असती तर मी हीच सांगितली असती. बाईंनी आधी भाषा साफ करून घेतली. मराठीत हा विषय आजचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ओव्यांमध्ये, आणि स्वर्गासाठी त्यांनी सरळ 'वैकुंठ' शब्द घेतला. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेला एक माणूस कुठला मराठी शब्द कुठे चालेल याचा एवढा विचार करत बसला होता. आपण तर याच भाषेत जन्मलो.

दुसरा गुरुवार नायसियाचा. इसवी सन ३२५, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेली परिषद. आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण निर्माण केलेला आहे. एक काळ असा होता जेव्हा तो नव्हता. बाईंनी आरियसला खलनायक केलं नाही, हे मला फार आवडलं. देव एकच आहे हे त्याला जपायचं होतं, त्या मागची तळमळ खरी होती, असं त्या म्हणाल्या. पण पुत्र निर्माण केलेला असेल तर क्रुसावर देव स्वतः आला नाही, त्याने दुसऱ्या कोणाला पाठवलं. परिषदेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. जन्मलेला आहे, घडवलेला नाही. "सुतार खुर्ची घडवतो, ती लाकडाची असते, सुतारासारखी नसते. त्याच सुताराला मूल होतं, ते माणूसच असतं. फक्त देवाच्या बाबतीत बाप आधी आणि मूल नंतर असं नाही." इतकी वर्षं मी मतांगीकारातलं 'जन्मलेला, घडवलेला नव्हे' हे एका दमात म्हणून टाकत होते.

तिसऱ्या गुरुवारात दोन परिषदा कोंबल्या होत्या. ३८१ ची कॉन्स्टॅन्टिनोपलची आणि ४३१ ची इफेससची. लाओदिकियाच्या आपोलिनारिसने सुचवलं होतं की येशूचं शरीर माणसाचं, पण आत माणसाचं मन-बुद्धी नाही, त्या जागी थेट 'शब्द'. त्यावरचं नाझियान्झसच्या संत ग्रेगरींचं उत्तर माझ्या वहीत ठळक अक्षरांत आहे: जे त्याने स्वतःवर घेतलंच नाही, ते बरं झालेलंच नाही. माझं शरीर जितकं बिघडतं त्याहून जास्त माझं मन बिघडतं. मनच घेतलं नसेल तर त्याने माझं काय घेतलं?

इफेससचा विषय देवमातेचा. कॉन्स्टॅन्टिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस याला मरियेला 'देवमाता' म्हणणं खटकत होतं. 'ख्रिस्तमाता' म्हणा, असं त्याचं म्हणणं. बाईंनी कोळणींपैकी एकीला विचारलं, "तुला मुलगा झाला तेव्हा काय झालं म्हणून सांगितलंस?" ती म्हणाली, "पोरगा झाला." "कोण झाला?" तिने मुलाचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, आई एका 'कोण'ला जन्म देते. मरियेने ज्याला जन्म दिला तो 'कोण' म्हणजे देवाचा पुत्र. तिने देवपण निर्माण केलं नाही, पण जो जन्मला तो देव आहे. म्हणून देवमाता. रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, 'देवाच्या माते' हे आपण त्रेपन्न वेळा म्हणतो, आणि ती मुळात मरियेची थोरवी नसून येशू कोण आहे याची साक्ष आहे. जाता जाता बाईंनी आणखी एक गाठ सोडवली. 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला गर्भसंभव नव्हे. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटी आली तेव्हापासून मूळ पापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्यांकडे आलेल्या पापापासून, मुक्त होती, ही ती शिकवण, १८५४ साली पोप पायस नववे यांनी जाहीर केलेली. वर्गातल्या निम्म्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

आता तक्रार. चौथ्या गुरुवारी कॅल्सेडोनची परिषद होती, इसवी सन ४५१, सगळ्या वर्गाचा कणा. त्या दिवशीच्या टिपणात, पहिल्याच चौकटीत, छापलं होतं: 'ख्रिस्तामध्ये दोन व्यक्ती आणि एक स्वभाव आहे.' माझं कामच आकडे तपासण्याचं, त्यामुळे नजर तिथे अडकली. दोन शब्दांची अदलाबदल, पण त्या एका ओळीत नेस्टोरियसवर जो आरोप झाला तो (ख्रिस्तात दोन व्यक्ती) आणि त्याच्या नेमक्या विरुद्ध टोकाचा युटिकेसचा (ख्रिस्तात एकच स्वभाव), असे दोन्ही गोळा झाले होते. मी हात वर केला. बाईंचा चेहरा उतरला. टायपिंग बाहेरून करून घेतलेलं, शेवटचं वाचन राहून गेलेलं. चहाच्या वेळात आम्ही तिघींनी लाल पेनने पंचेचाळीसच्या पंचेचाळीस प्रती दुरुस्त केल्या, 'दोन' वर काट मारून 'एक', 'एक' वर काट मारून 'दोन'. टिपणांची छपाईही पुसट असते, उजवीकडची अक्षरं कापली जातात. विषयच असा आहे की एक शब्द हलला की अख्खा अर्थ हलतो. आयोजकांनी पुढच्या वेळी इथे पैसे आणि वेळ दोन्ही घालावेत, ही कळकळीची विनंती.

पण तो तास मात्र सगळ्यात चांगला झाला. टेबलावर तीन वस्तू होत्या. एक पेला कोकम सरबत, एका बाटलीत पाणी आणि वर तरंगणारं खोबरेल, आणि एक कोयता. सरबत दाखवून बाई म्हणाल्या, "आगळ आणि पाणी मिसळलं. आता हे ना आगळ, ना पाणी, तिसरंच काहीतरी. देवपणात माणूसपण असं विरघळून गेलं असं मानलं तर येशू आपल्यातला राहत नाही." मग बाटली हलवली. थोडा वेळ गढूळ झालं, मग तेल पुन्हा वर आलं. "हे दोघं एका बाटलीत राहणारे शेजारी. येशूमध्ये देव आणि माणूस असे दोन वेगळे जण राहत होते असं मानलं, तर देव माणूस झालाच नाही. फक्त एका माणसाजवळ राहिला." मग कोयता. लोहाराच्या भट्टीत लाल झालेलं पातं आठवा, म्हणाल्या. ते कापतं आणि भाजतं. कापणं लोखंडाचं, भाजणं आगीचं. आग लोखंड झाली नाही, लोखंड आग झालं नाही, पण पातं एकच आहे आणि त्याच एका घावात कापतंही, भाजतंही. ही उपमा ख्रिस्तसभेच्या जुन्या आचार्यांची आहे, दमास्कसच्या संत योहानांनी तापलेल्या तलवारीची म्हणून वापरलेली. "उपमा आहे, थोडं अंतर चालते आणि मग दमते," असंही बाईंनी लगेच सांगितलं.

मग कॅल्सेडोनचे चार शब्द फळ्यावर आले. दोन स्वभाव, एका व्यक्तीमध्ये: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. चारही नकार. ते गूढ कसं घडलं हे परिषदेने सांगितलं नाही, चार बाजूंनी कुंपण घातलं की याच्या बाहेर जाऊ नका. या जोडणीला धर्मविद्येत 'हायपोस्टॅटिक युनियन' म्हणतात. बाई 'व्यक्तीतलं ऐक्य' म्हणत. कॅल्सेडोनचे शब्द सगळ्यांना पटले नाहीत. इजिप्तची कॉप्टिक ख्रिस्तसभा, आर्मेनियाची, सीरियन ऑर्थोडॉक्स आणि त्यांच्याशी नातं असलेले केरळातले ऑर्थोडॉक्स बांधव तेव्हापासून वेगळे चालले. अलीकडच्या काळात परमगुरुस्वामींनी (पोपनी) आणि त्या ख्रिस्तसभांच्या प्रमुखांनी मिळून मान्य केलंय की फरक बराचसा शब्दांचा होता. पुन्हा शब्द.

त्याच संध्याकाळी मला त्या मुलाचं उत्तर मिळालं. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, हा प्रश्न चौथ्या शतकातले आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांच्या वेळचा आहे. त्यांचं उत्तर असं की शब्द देहात होता, पण देहात कोंडलेला नव्हता. मरियेच्या मांडीवर जो दूध पीत होता तोच सगळं सांभाळून धरत होता. एक 'कोण', दोन 'काय'. माणूस म्हणून भूक लागली होती, देव म्हणून जग धरलं होतं. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात 'त्याने स्वतःला रिकामं केलं' असं आहे, त्याचा अर्थ देवपण काढून ठेवलं असा नाही, तर त्याने दासाचं रूप स्वतःवर घेतलं. काही सोडून नाही, घेऊन तो लहान झाला.

आणि 'अवतार'? बाईंनी आमच्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल एकही उणा शब्द काढला नाही. अवतार हा शब्द फार देखणा आहे, म्हणाल्या, देव खाली उतरतो, माणसाची काळजी करतो, हे त्यात आहे. पण अवतार अनेक होतात, कार्य झालं की संपतात. ख्रिस्तसभा 'देहधारणा' म्हणते ती एकदाच झाली आणि संपली नाही. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांकडून भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खाल्ला, हातापायाच्या खुणा दाखवल्या, आणि तो देह घेऊनच स्वर्गारोहण झालं. आजही तो माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी पतसंस्थेत सहकाऱ्यांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे देवाने माणूसपण परत केलंच नाही." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

पाचव्या गुरुवारबद्दल लिहायला मला जड जातं, पण लिहिते. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. हाडांपर्यंत पोचलेला कर्करोग होता. सुकेळीच्या केळीची बाग सांभाळलेला माणूस, तक्रार कधी ऐकली नव्हती. शेवटच्या महिन्यात एका रात्री खाटेच्या वरच्या क्रुसाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "देवाला हे ठाऊक असेल का गं? म्हणजे बाहेरून नाही, आतून?" मी म्हटलं, "हो बाबा, त्याला सगळं ठाऊक असतं." ते पुढे काही बोलले नाहीत. मला तेव्हाच कळलं की त्यांनी जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हे.

त्या गुरुवारचा विषय होता, देव मेला असं म्हणता येतं का. बाईंनी सावकाश मांडलं. देवाचा स्वभाव मरत नाही, दुखत नाही, बदलत नाही. पण दुखतं ते स्वभावाला नाही, कोणाला तरी दुखतं. दात दुखतो तेव्हा 'माझ्या माणूसपणाला दुखतंय' असं आपण म्हणत नाही, 'मला दुखतंय' म्हणतो. क्रुसावर ज्याला खिळे ठोकले, ज्याने 'मला तहान लागली आहे' म्हटलं, तो 'मी' कोण? पुत्र. देव. म्हणून माणसाच्या देहात, माणसाच्या नसांत, देवानेच ते सोसलं. एका स्वभावाचं जे ते त्या एका व्यक्तीच्या नावावर सांगता येतं. मित्र लाझाराच्या थडग्यापाशी देव रडला. बोटीत उशी घेऊन देव झोपला. क्रुसावर देव मेला. हे अलंकाराने बोलणं नाही, शब्दशः खरं आहे.

बाबांना मी हे सांगू शकले असते. हो बाबा, आतून. त्याला नसा होत्या.

मी त्या दिवशी चहाला थांबले नाही. पाऊस होता तरी स्कूटर काढली.

सहावा गुरुवार गडबडीचा झाला. शेजारच्या हॉलमध्ये साखरपुडा, त्यामुळे सव्वाआठला आटपावं लागलं. ६८०-८१ ची कॉन्स्टॅन्टिनोपलची तिसरी परिषद कशीबशी झाली: ख्रिस्ताला इच्छा एक की दोन? उत्तर, दोन. देवाची आणि माणसाची, आणि माणसाची इच्छा देवाच्या इच्छेला मोकळेपणाने 'हो' म्हणणारी. अटकेआधी गेथशेमानीच्या बागेत 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' हे नाटक नव्हतं, खरी माणसाची इच्छा घाम गाळत होती. ख्रिस्ताच्या दोन इच्छा आहेत असं शिकवल्याबद्दल मठवासी संत मॅक्झिमस यांची जीभ आणि उजवा हात कापला गेला, ६६२ मध्ये, ऐंशीच्या पुढच्या वयात, आणि त्याच वर्षी हद्दपारीत ते वारले. वीस वर्षांच्या आत परिषदेने तेच म्हटलं जे ते म्हणत होते. आजींचा नातू, जो तोवर मोबाइलमध्ये असायचा, त्याने मोबाइल खाली ठेवला. पण यानंतर येणारा विषय, येशूला माणूस म्हणून काय काय ठाऊक होतं, तो दहा मिनिटांत गुंडाळला. लूक सांगतो की तो ज्ञानाने वाढत गेला. मार्काच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की जगाच्या अंताचा तो दिवस, ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. हे मला पुरं समजून घ्यायचं होतं. या विषयाला स्वतंत्र तास हवाच. देवमातेचा आणि आपोलिनारिसचा असे दोन गुरुवार केले, तर सातच्या जागी नऊ होतील, होऊ देत.

शेवटचा गुरुवार फादरांनी घेतला, हॉलमध्ये नाही, चर्चमध्ये. वेदीजवळ आम्हाला बोलावून त्यांनी मिस्सातली एक छोटीशी कृती जवळून दाखवली. अर्पणाच्या वेळी प्यालात द्राक्षारस ओतला की धर्मगुरू त्यात पाण्याचा एक थेंब घालतात आणि हळू आवाजात म्हणतात, या अर्थाचं: जो आमच्या माणूसपणात सहभागी होण्याइतका लीन झाला, त्याच्या देवपणात आम्हाला वाटा मिळो. ती प्रार्थना लोकांना ऐकू जात नाही. सत्तेचाळीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती. छोट्या काचेच्या कुपीतून एक थेंब पडला, क्षणभर फिकट वर्तुळ दिसलं आणि गेलं. लग्न ठरलेल्या मुलीने विचारलं, "पण फादर, सरबतासारखं मिसळलं की!" फादर हसले आणि म्हणाले, इथे तो थेंब म्हणजे आपण, ख्रिस्ताचे दोन स्वभाव नव्हेत, उपमा उपमेच्या जागी ठेवायची. मग त्यांनी सांगितलं की मतांगीकारात 'मनुष्य झाला' या शब्दांना आपण मान लववतो, आणि नाताळला व २५ मार्चला, देवदूताने मरियेला संदेश दिला त्या सणाला, गुडघे टेकतो. मान मी लहानपणापासून लववत आलेय, आई शेजारून कोपर मारायची म्हणून.

वर्ग कोणासाठी? धर्मशिक्षण शिकवणाऱ्या प्रत्येकीने जावं, यात मला शंका नाही. आंतरधर्मीय लग्न झालेल्या आणि घरात रोज प्रश्नांना सामोऱ्या जाणाऱ्या मंडळींनीही जावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नेऊ नका, कंटाळतील. ज्यांना रात्री गाडी चालवणं जमत नाही त्यांच्यासाठी सोबत ठरवून घ्या, कारण साडेआठनंतर त्या रस्त्याला रिक्षा मिळत नाही. वही स्वतःची न्या, टिपणांवर विसंबू नका. पावसात पुढे बसा. स्वच्छतागृह हॉलच्या मागे अंगणापलीकडे आहे आणि वाटेवर दिवा नाही; आजींना दर वेळी नातवाचा हात धरून जावं लागे, हे बरं नाही. पाच ताऱ्यांपैकी मी साडेचार देते, अर्धा त्या चौकटीतल्या चुकीचा आणि त्या दिव्याचा.

नोव्हेंबरच्या अखेरीस पोप लिओ चौदावे तुर्कस्तानात इझनिकला गेले, तेच जुनं नायसिया. तळ्याकाठी जुन्या बासिलिकेच्या अवशेषांजवळ वेगवेगळ्या ख्रिस्तसभांच्या प्रमुखांनी एकत्र प्रार्थना केली. ती दृश्यं मी मोबाइलवर पाहिली. तिथे मतांगीकार म्हटला गेला तेव्हा भाषा दुसरी होती, पण कुठली ओळ चालू असेल याचा मला अंदाज येत होता.

त्यानंतरच्या रविवारी आगमन काळ सुरू झाला. तो मुलगा आता सहावीत आहे, दुसऱ्या टीचरकडे. मिस्सानंतर त्याला अंगणात गाठलं. म्हटलं, "गेल्या वर्षी तू विचारलं होतंस ना, जग कोण चालवत होतं? मी चुकीचं सांगितलं. तोच चालवत होता. बाळही तोच आणि जग चालवणाराही तोच."

त्याने बराच वेळ विचार केला. हातात वेफर्सची पुडी होती, ती खायचीही थांबली.

"मग बाळाला ते ठाऊक होतं?"

बाईंच्या हॉलमध्ये दारापाशी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला एक पत्र्याचा डबा असतो. पुढची तुकडी ईस्टरआधीच्या उपवासकाळानंतर आहे. मी चिठ्ठी टाकून आलेय, त्याच्या शब्दांत.